तिघी आत, एक बाहेर

पाखरांना मोजता येत नाही, या एका गोष्टीवर फोटोवालीचा सगळा छंद उभा होता.

छंदच तो. पोटापाण्यासाठी ती टपालकचेरीसमोरच्या स्टुडिओत लोकांचे पासपोर्टचे फोटो काढायची. ‘हनुवटी जरा वर, डोळे उघडे, हसू नका,’ असं दिवसातून साठ वेळा म्हणायची आणि आठवडाभराचं उट्टं सुट्टीच्या दिवशी पाखरांवर काढायची. पाखरांना काही सांगावं लागत नाही, आणि सांगितलं तरी ती ऐकत नाहीत, हीच त्यातली मजा.

तर मोजण्याची गोष्ट. पाण्याकाठचं पाखरू जवळून टिपायचं तर काठावर कापडाची खोपटी उभारून आत लपावं लागतं. पण लपायला जाणारं माणूस पाखरू बघतंच. मग ते पलीकडच्या काठाला नजर रोखून बसतं आणि आतलं माणूस बाहेर निघेपर्यंत इकडे फिरकत नाही. त्यावर पक्षीवाल्यांचा जुना उपाय असा, की आत दोघांनी जायचं आणि एकानं बाहेर यायचं. माणूस आलं, माणूस गेलं. पाखराच्या लेखी मामला मिटला. अर्ध्या तासात ते खोपटीसमोर येऊन आपला संसार मांडतं.

लग्नाआधी हे बाहेर येणारं माणूस म्हणजे आताचा नवरा. प्रेमाची अशी परीक्षा फार थोड्यांनी दिली असेल: भल्या सकाळी अर्धा तास चिखल तुडवत यायचं, गुडघे दुमडून खोपटीत शिरायचं आणि बसतो न बसतो तोच ‘हं, जा आता’ ऐकून आल्या वाटेनं परत जायचं. तो एकदाही कुरकुरला नाही, म्हणून तर लग्न झालं. पण आता बेकरीत त्याची पहाटेची पाळी होती, आणि घरात सात महिन्यांच्या बाईसाहेब होत्या.

बाईसाहेब हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. “हुकूम सोडते, आभार मानत नाही, आणि आपण सगळे हात जोडून उभे. दुसरं काय म्हणायचं?”

गावातलं पक्षीमंडळ दरवर्षी एक कॅलेंडर काढायचं. बारा पानं, बारा फोटो. मंडळाचे प्रमुख होते दातांचे डॉक्टर. माणूस भला, पण त्यांच्याकडे एक बगळा होता. एका पायावर उभा, उजवीकडे तोंड केलेला, कुठल्याही महिन्याला चालेल असा. कुणाचं पान रिकामं राहिलं की डॉक्टर लगेच बगळा पुढे करायचे, आणि मंडळातले सगळे आपापली पानं जिवापाड सांभाळायचे ते मुख्यतः त्या बगळ्याच्या धाकानं.

जूनचं पान सलग सहा वर्षं फोटोवालीचं. बाईसाहेबांना बघायला आले तेव्हा डॉक्टरांनी आधी बोट घालून हिरड्या तपासल्या, खालच्या दोन दातांचं अभिनंदन केलं आणि जाता जाता म्हणाले, “यंदा जूनची काळजी करू नका हं. बाळाकडे बघा. बगळा आहेच आपला.”

बोलले ते मायेनंच. पण फोटोवालीच्या छातीत कुणीतरी टाचणी टोचावी तसं झालं. वर्षभरात तिनं बाईसाहेबांखेरीज कशाचाच फोटो काढला नव्हता. रस्त्यात भेटणारी माणसं पूर्वी ‘काय, या आठवड्यात काय मिळालं?’ विचारायची, ती आता ‘झोपते का रात्रीची?’ विचारायची. यंदा जूनमध्ये बगळा उभा राहिला तर पुढच्या वर्षीही राहणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लोक म्हणणार, ‘ही? ही पूर्वी छान फोटो काढायची.’ हे ‘पूर्वी’ तिला नको होतं.

“छापायला कधी जातंय?” तिनं विचारलं.

“शनिवारी बारा वाजता.”

“मग शनिवारी बारापर्यंत पान माझं.”

डॉक्टर हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या घरीच लोकांचे कपडे उसवून-आवळून द्यायच्या, त्यामुळे दिवसातलं अर्धं बोलणं त्या भुवयांनी करायच्या. आत्ता डावी भुवई वर गेली होती. म्हणजे, ‘बघू या तर.’

फोटोवाली हवेत बाता मारत नव्हती. गावाबाहेरच्या बंद वीटकारखान्यामागे मातीचे खड्डे पाण्यानं भरून तळं झालं होतं, आणि त्यात टिबुकल्यांची जोडी होती. टिबुकली म्हणजे मुठीएवढं गोलमटोल बदक समजा. बदक नव्हे, पण समजा. जरा खुट्ट झालं की दगडासारखी बुडते आणि भलतीकडेच वर येते. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येताच पोहतात, पण पहिले आठ-दहा दिवस आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. पंखांच्या खाली, पिसांत घुसून, फक्त डोकी बाहेर. त्यानंतर ती मोठी होतात आणि पाठीवर मावत नाहीत. एवढे आठ-दहा दिवसच काय ते.

रविवारी चार पिल्लं बाहेर आली होती. सोमवार-मंगळवार सोसाट्याचा वारा होता. म्हणजे हातात राहिले बुध, गुरू, शुक्र आणि अर्धा शनिवार.

खोपटी सासूबाईंनी शिवली होती, जुन्या तपकिरी पडद्यांची. बसकी, गुडघ्याच्या वर दीडेक वीत. पाखराच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर पाण्याच्या पातळीलाच आडवं व्हावं लागतं. लेन्ससाठी खिडकी, खिडकीला झडप, झडपेला बटण. “बटण कशाला, आई?” विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, “नुसतं लोंबतं सोडायला मी काय शिकाऊ आहे?” गेले पंधरा दिवस नवरा रोज संध्याकाळी जाऊन ती खोपटी दहा-दहा पावलं पुढे सरकवत होता. आता ती काठाला लागली होती आणि टिबुकल्यांनी तिला तळ्यातली एक वस्तू म्हणून मान्य केलं होतं.

बुधवारी तिघी निघाल्या. बेत सरळ होता. आत सूनबाई आणि सासूबाई, पाठोपाठ सासूबाईंच्या कडेवर बाईसाहेब. बाहेर येताना सासूबाई आणि बाईसाहेब. दोन मोठ्या आत, एक बाहेर. पोटभर दूध पाजलेलं होतं, खुळखुळा बरोबर होता.

सासूबाई बाहेर पडून वीस पावलं गेल्या नसतील, तोच बाईसाहेबांच्या लक्षात आलं की आई त्या तपकिरी पिशवीत राहिली आहे. आणि मग जो टाहो फुटला म्हणता! कारखान्याच्या धुराड्यावरची कबुतरं उठली. पलीकडच्या शेतातल्या माणसानं काम थांबवून कमरेवर हात ठेवले. टिबुकल्या कधी बुडाल्या ते दिसलंच नाही. पाण्यावर नुसती वर्तुळं उरली. सासूबाई थोपटत होत्या, नाचवत होत्या, खुळखुळा वाजवत होत्या, आणि त्या खुळखुळ्यानं तर उरलीसुरली पाखरंही गेली.

“पोरीचा आवाज खणखणीत आहे,” घरी परतताना सासूबाई म्हणाल्या. “माझ्या बाजूचा.”

गुरुवारी फोटोवाली एकटीच गेली. बाईसाहेब आणि आजी घरी. तिनं मनाशी म्हटलं, इतक्या दिवसांत टिबुकल्या खोपटीला सरावल्यात. एक माणूस आत गेलं तर काय मोठं बिघडणार? बिघडलं. एक आत आणि शून्य बाहेर, एवढा हिशेब त्यांना पक्का येत होता. अडीच तास ती पालथी पडून राहिली. लेन्स वाळूच्या उशीवर, डोळा लेन्सला. दोन्ही टिबुकल्या पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्यात, खोपटीकडे तोंड करून. जणू तिघींनी पैज लावली होती. मधेच फोटोवालीला उगाच बाळ रडल्याचा भास झाला आणि मग पुढचं सांगायला नको. शर्ट समोरून दुधानं पार ओला. ती उठून पळतच घरी गेली. दारात बाईसाहेब भुकेनं लालबुंद झालेल्या, आणि सासूबाईंच्या हातात बाटली, जिला बाईसाहेबांनी तोंडही लावलं नव्हतं.

“आई, जाऊ दे,” बाळाला जवळ घेत ती म्हणाली. “बगळा तर बगळा.”

“बगळ्याचं नाव काढू नकोस. दिवाणखान्यात आणून लावला तर मी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगेन. अजून शुक्रवार आहे.”

शुक्रवारचा बेत असा, की बाईसाहेबांना पाजून, झोपवूनच न्यायचं. तशा त्या आईच्या छातीशी बांधलेल्या झोळीत गाढ झोपल्याही. तिघी खोपटीत शिरल्या. आता आईच्या झोळीतून आजीच्या झोळीत अलगद बदली करायची आणि सासूबाईंनी निघायचं. फोटोवालीनं गाठ सोडायला हात नेला मात्र, बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. हात मागे घेतला, आठी गेली. परत हात नेला. परत आठी, वर ओठ पुढे.

“हलवू नकोस,” सासूबाई कुजबुजल्या. “पोर उठली की संपलं.”

“मग?”

“तू जा तिला घेऊन. मी बसते.”

“तुम्ही?”

“का? कुणीतरी बाहेर जायचं आणि कुणीतरी आत राहायचं, एवढंच ना? कोण गेलं नि कोण राहिलं ते तुझ्या पाखराला थोडंच कळतंय. कुठलं बटण दाबायचं?”

फोटोवालीनं बटण दाखवलं. दुसरा इलाज नव्हता. ज्या कॅमेऱ्याला नवऱ्यालाही हात लावू दिला नव्हता, तो सासूबाईंच्या हवाली करून ती बाहेर आली आणि दोनशे पावलांवरच्या विटांच्या ढिगामागे दुर्बीण घेऊन बसली.

वीस मिनिटांनी टिबुकल्या आल्या. सरळ खोपटीच्या समोर! एकीच्या पाठीवर चारही पिल्लं. दुर्बिणीतून चार ठिपके हलताना दिसत होते. फोटोवालीचा जीव तिथे गेला आणि देह विटांमागे राहिला. ‘दाबा, आई, दाबा,’ ती मनात म्हणत होती. एकदा टिबुकली दचकून बुडाली. थोड्या वेळानं परत आली. आणि मग तासभर, दीड तास, खोपटीपासून हाताच्या अंतरावर त्यांचं सगळं घरकाम चाललं होतं. फोटोवालीनं मनातल्या मनात पाचशे फोटो मोजले.

बाईसाहेब जाग्या झाल्या तेव्हा ती धावत गेली. सासूबाई गुडघे चोळत बाहेर आल्या. चेहरा सिनेमा बघून आल्यासारखा.

“किती काढले?”

“दोन.”

“दोनशे?”

“दोन गं. पहिल्याला ते तुझं यंत्र असं काही खट्ट वाजलं, की ती बिचारी बुडाली आणि चारही पोरं पाण्यात सांडली. शेंग फोडल्यावर दाणे सांडावेत तशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर आली तर माझ्याकडे असं बघितलं तिनं! लाजच वाटली. मग नाही दाबलं.”

“आणि दुसरा?”

“उठताना दबला. माझ्या गुडघ्याचा आहे.”

फोटोवालीनं कॅमेरा गळ्यात अडकवला. बोलली असती तर रडली असती, आणि सासूबाईंनी दीड तास काटकोनात बसून काढला होता. ती मुकाट्यानं चालू लागली. सासूबाई मात्र बोलतच होत्या. ओठांत टाचण्या नसल्या की त्या भरपाई करायच्या.

“एक पाठीवर घेऊन बसते आणि दुसरी खायला आणते. म्हणजे एक आई नि एक बाप असणार, पण कापड एकाच ताग्यातलं, ओळखू येत नाहीत. चारदा खाणं आणून झालं की पाळी बदलते. त्या वाकलेल्या लव्हाळ्यापाशी, दरवेळी तिथेच. पाठीवरची सगळी पाण्यात उतरवते आणि दुसरी आपला पंख असा वर करते, बघ, खिशाची झाकण-पट्टी उचलावी तसा. आणि पोरं आत शिरतात. तिसरं नेहमी अडकतं. त्याला मागचं ढकलतं. पाचदा बघितलं मी, पाचदा.”

फोटोवाली थबकली. “प्रत्येक वेळी तिथेच?”

“लव्हाळ्यापासून वीतभर डावीकडे. मापात चूक व्हायची नाही माझी.”

पंधरा पंधरा दिवस तळ्याकाठी काढणाऱ्या माणसांनाही हे असं सांगता आलं नसतं. पण माहिती मिळाली म्हणून फोटो मिळत नाही. उद्या शनिवार, आणि आत कोण राहणार हा घोळ तिथल्या तिथेच.

दुपारी फोटोवाली बाईसाहेबांना झोपवायला चटईवर आडवी झाली. डाव्या कुशीवर ती, समोर बाळ, डावा हात बाळाच्या डोक्याखाली. बाईसाहेब दूध प्यायला लागल्या आणि घरात शांतता पसरली. आतल्या खोलीत फक्त शिवणयंत्राची घरघर. फोटोवालीची नजर जमिनीसरशी पसरत गेली. खुर्चीचे पाय. खुर्चीखाली घरंगळलेलं बटण. उंबऱ्यावरून जाणारी मुंगी, चांगली बैलाएवढी दिसणारी. इतक्या खालून जग किती वेगळं दिसतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग आलं की अगं, आपण याच उंचीवर तर खोपटीत आडवे होतो. तिनं स्वतःकडे बघितलं. डावा हात गुंतलेला. उजवा रिकामा. आणि सगळ्या जगाला जागं करणारी पोर दहा मिनिटं झाली, हूं की चूं करत नव्हती.

ती तशीच बाळासकट उठून आतल्या खोलीत गेली. “आई, उद्या हिला आतच ठेवायची. माझ्यापाशी.”

यंत्र थांबलं. “आणि ओरडली तर?”

“तोंड भरलेलं असताना कोण ओरडतं?”

सासूबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या. ही मोठ्या बोलण्याची तयारी असायची. “मी चाळीस वर्षं लोकांना सांगतेय, जे कापड ताणलं की फाटतं ते ताणायचंच नाही, घडी घालून आत घ्यायचं. आणि स्वतःच्या घरात सुचलं नाही. आण तो कॅमेरा.”

“कशाला?”

“त्याचं खट्ट बंद करायचंय.”

बाईसाहेबांचं एक लहान झालेलं जाड दुपटं होतं. सासूबाईंनी मोजपट्टीनं कॅमेऱ्याची मापं घेतली, लांबी, घेर, मान, आणि तासाभरात त्याला नाडीचं टोपरं शिवलं. लेन्सला तोंड, बोटाला भोक, आत दुहेरी कापूस. टोपऱ्यावर पिवळे हत्ती होते. फोटोवालीनं बटण दाबून बघितलं. आतून कुणी हलकेच उचकी द्यावी तेवढाच आवाज आला.

शनिवारी सकाळी नऊला तळं आरशासारखं होतं. तिघी आत शिरल्या. फोटोवाली डाव्या कुशीवर आडवी झाली, बाईसाहेबांना जवळ ओढलं, त्यांच्या डोक्यापलीकडे वाळूची उशी, उशीवर टोपरं घातलेला कॅमेरा. सासूबाई निघाल्या, पण निघताना त्यांनी पिशवीतून मोठा टॉवेल काढला, त्याची वळकटी केली आणि आपल्या झोळीत घातली.

“हे काय?”

“पोर आली, पोर गेली असं दिसायला नको? तुझं पाखरू मोजतं की नाही ते तू बघ. माझ्याकडून माप चुकायचं नाही.”

आणि त्या टॉवेलला थोपटत, त्याला गाणं म्हणत बांधावरून निघून गेल्या. कारखान्याचा राखणदार वाटेत भेटला, म्हणाला, “आजीबाई, बघू तरी नातीला.” सासूबाई म्हणाल्या, “झोपलीय.” त्यानं वाकून बघितलंच. मग तो त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि फाटक त्यानं स्वतः उघडून दिलं, फार अदबीनं.

खोपटीत पडद्यातून तपकिरी उजेड झिरपत होता. बाईसाहेब एका हातानं आईच्या शर्टाचं बटण पिरगाळत पीत होत्या, मधेच थांबून छताकडे बघत होत्या, परत पीत होत्या. फोटोवालीच्या कानाला त्यांचा श्वास लागत होता आणि डोळ्याला तळ्याचं पाणी. किती महिन्यांनी ती एका जागी, दोन्हीकडे पुरती होती.

टिबुकल्या आल्या. एकीच्या पाठीवर चार डोकी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, खारीच्या पाठीसारखी. एक लहानशी मासोळी घेऊन दुसरी आली. एकदा. दोनदा. फोटोवालीनं बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. तिला चौथी वेळ हवी होती. तिसऱ्यांदा खाणं आलं तेव्हा बाईसाहेबांचं पिणं मंदावलं. ‘थांब गं राणी,’ ती नुसत्या ओठांनी म्हणाली, ‘अजून एकदाच.’ चौथी मासोळी आली. पाठीवाली टिबुकली वाकलेल्या लव्हाळ्याकडे वळली; वीतभर डावीकडे थांबली. चारही पिल्लं पाण्यात. दुसरीनं पंख उचलला, अगदी खिशाची पट्टी उचलावी तसा. पहिलं आत गेलं. दुसरं गेलं. तिसरं अडकलं, एक पाय हवेत, आणि चौथ्यानं डोकं लावून त्याला मागून रेटा दिला.

आणि नेमकं तेव्हाच बाईसाहेबांनी आपले दोन्ही दात आईला दाखवून दिले. दाखवून म्हणजे, रुतवून.

फोटोवाली ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, खालचा ओठ दातांत गेला, सगळं अंग एका बाजूला कललं, त्याबरोबर कॅमेराही, पण बोट दाबलेलंच राहिलं. टोपऱ्यात सहा उचक्या लागल्या. बाईसाहेबांनी तोंड सोडून वर बघितलं, ओघळलेल्या दुधासकट हसल्या, मग मान वळवून खिडकीतून पहिल्यांदाच टिबुकली बघितली आणि आनंदानं एवढ्या मोठ्यानं “आऽऽ!” केलं की तळं रिकामं झालं.

सहापैकी पाच फोटोंत पाणी आणि थोडी शेपटी होती. सहावा डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचला तेव्हा पावणेबारा झाले होते. सासूबाई बाईसाहेबांना घेऊन बाहेर पायरीवर बसल्या. आत खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आडवे होते, गाल सुजलेला, तोंडात कापसाचे बोळे. दाढ काढायची होती आणि भूल चढायची वाट बघणं चाललं होतं. डॉक्टरांनी हातमोजे न काढताच कोपरानं फोटोवालीला जवळ बोलावलं आणि कॅमेऱ्याचा पडदा बघितला.

बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. इथे तर तळंच वाकडं आहे.”

“हो.”

“पाणी इकडून तिकडे वाहतंय. आणखी जरा वेळ बघितलं तर सगळी टिबुकली कोपऱ्यातून बाहेर पडेल.”

“दात लागला,” फोटोवाली म्हणाली. “बाईसाहेबांचा.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. जरा लाजले. “असं. मग सरळ करून घेऊ की. फोटो फिरवायचा.”

“फिरवला तर कोपरे कापावे लागतात. ह्या कोपऱ्यात तिसऱ्याचा पाय आहे आणि ह्या कोपऱ्यात चौथ्याचं बूड. ते गेलं तर मग राहिलं काय? छापायचा तर असाच छापा, डॉक्टर. वाकडा आहे ते मला दिसतंय. पण आहे तो असा आहे, आणि माझा आहे.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. आवाज मुळीच कापला नव्हता. छापा, नाहीतर राहू द्या. तिसऱ्या पिल्लाचा पाय ती कापणार नव्हती.

डॉक्टर घड्याळाकडे बघत घुटमळले. बारा वर्षांत एकही वाकडं पान त्यांनी सोडलं नव्हतं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “अ ऊ आ?”

“काय?”

गृहस्थांनी बोटानं खूण केली. मलाही दाखवा. फोटोवालीनं कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. ते एका कुशीला कललेले होते, त्यामुळे त्यांना तळं बहुधा सरळच दिसलं असावं. ते बघत राहिले. आधी त्यांचा सुजलेला गाल हलला. मग पोट. मग सगळी खुर्ची गदगदायला लागली, डोळ्यांतून पाणी, तोंडातले बोळे सुटून छातीवर पडले, आणि ते त्या अडकलेल्या पिल्लाच्या हवेतल्या पायाकडे बोट दाखवून नुसते हुं-हुं-हुं हसत राहिले.

“अहो, हलू नका!” डॉक्टर म्हणाले.  मग हातमोज्यातल्या हातानं त्यांनी हळूच एक बोळा उचलला. “बावीस वर्षं दवाखाना चालवतोय,” ते म्हणाले, “ह्या खुर्चीत आजवर कुणी हसलं नाही.”

त्यांनी फोन उचलला. “छापखाना? हां, मी बोलतोय. जून आलाय. नाही, नाही, बगळा नाही. आणि हे बघा, तो वाकडा आहे. हो, वाकडाच. सरळ करायला जाऊ नका, खबरदार.”

फोटोवाली बाहेर आली तेव्हा बाईसाहेब आजीच्या खांद्यावर लाळ गाळत झोपल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं नाही, नुसती डावी भुवई वर केली. फोटोवालीनं मान हलवली. हो. आणि मग तिला अचानक इतकं हसू आलं की ती सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसलीच.

“हळू. उठेल,” सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचेही ओठ थरथरत होते. दोघी मग तशाच उठल्या आणि पोरीला धक्का लागू नये म्हणून पाऊल मोजत, सावलीसावलीनं घराकडे चालू लागल्या. एका कोपऱ्यावर फोटोवालीनं बाळाला आपल्या खांद्यावर घ्यायला हात पुढे केले. बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. तिनं हात मागे घेतले.

“बरं, ऐक,” थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या. “तो जुलै कुणाकडे आहे?”

“बँकेतल्या काकांकडे. आई, एक पान पुरे आहे आपल्याला.”

“मी कुठे काय म्हटलं? विचारलं आपलं.” त्यांनी पदरानं बाळाची लाळ टिपली. “पण ती खोपटी जरा उंच करायला हवी. दोघींना बसता येईल अशी. तू एकटी आडवी पडणार, आणि मी दरवेळी टॉवेल घेऊन हिंडणार, हे काही बरोबर नाही.”

“मग बाहेर कोण जाणार?”

सासूबाईंनी विचार केला. समोरून बेकरीतून सुटलेला नवरा पाव घेऊन येत होता, डोळे झोपेनं अर्धे मिटलेले, केसांत पीठ. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं.

“ह्याची पाळी कधी बदलते गं?” त्या म्हणाल्या.